गीत कुणी धरायचं?

पत्र्याच्या त्या लांबट खोलीत खुर्च्या नाहीत. सतरंजीवर एका बाजूला बायका-मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. समोर मेणकापड घातलेल्या टेबलावर बायबल. कोपऱ्यात कीबोर्ड, शेजारी तबल्याची जोडी, भिंतीला टेकवलेला स्पीकर. कवठे महांकाळपासून थोड्याच अंतरावरच्या वस्तीतली ही छोटी ख्रिस्ती मंडळी. उपासना सुरू व्हायला अजून अवकाश आहे. कीबोर्डवर बसलेला मुलगा सूर देतो. वही घेऊन उभी असलेली चाळिशीची बाई मान हलवते आणि बोटानं खूण करते, वर घे. तो सूर चढवतो. लगेच मागून एका पुरुषाची तक्रार येते, एवढ्या वर आम्ही कसं म्हणायचं? सूर पुन्हा खाली येतो. ती काही बोलत नाही. वही उघडते आणि गीत धरते. ध्रुवपद कसंबसं निभावतं, पण चाल खालच्या सुरांवर उतरली की तिचा आवाज खर्जात बुडतो आणि पुरुषांचे आवाज तिला मागं टाकून पुढं निघून जातात. आराधना चालवायला उभी असलेली बाई चौथ्या ओळीला ऐकूच येत नाही.

‘तिचा आवाज’ हा यंदाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा राजकारणातल्या, नाटकातल्या, न्यायालयातल्या बायका डोळ्यांपुढं आल्या. मला मात्र देवळातल्या आवाजाकडं जायचं होतं. ख्रिस्ती माणसं आपल्या चर्चला देऊळ म्हणतात, हे या भागातल्या वाचकांना नवं नाही. मराठी ख्रिस्ती समाजात बाई गाते, याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. गाणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. पण कोणतं गीत घ्यायचं, कोणत्या पट्टीत, किती कडवी, कुठं थांबायचं, हे ठरवायला बाई उभी राहिली की काय होतं, ते पाहायला मी मिरज-पंढरपूर रस्त्यानं फिरले. ज्या बायका बोलल्या त्यांनी नावं न छापण्याची अट घातली. गाव लहान आहे, मंडळी त्याहून लहान आहे. ती अट मी पाळली आहे.

काळी दोन आणि काळी चार

आधी सुराचं गणित समजून घ्यायला हवं, कारण निम्मं भांडण तिथंच आहे.

आपल्याकडं पुरुषाचा षड्ज साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास लागतो. बाईचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. काळी एक ते काळी चार हे अंतर पंचमाचं. मैफलीत याची अडचण नसते. जो गातो त्याचा षड्ज, साथीदार त्याला जुळवून घेतात. उपासनेत मात्र सगळी मंडळी एका सुरात गाते. बाईनं स्वतःच्या पट्टीत गीत धरलं तर पुरुषांना तारसप्तकात ओरडावं लागतं किंवा एक सप्तक खाली उतरून पुटपुटावं लागतं. पुरुषांच्या पट्टीत धरलं तर बाईचा मंद्र जातो. यावर मधला मार्ग आहे आणि तो जाणकार पेटीवाल्याला ठाऊक असतो: चालीचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कुठं जातो ते पाहायचं आणि दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागेल अशी पट्टी निवडायची. प्रत्येक गीताला ती वेगळी निघते. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी बसावं लागतं, गीत आधी ठरावं लागतं आणि गाणाऱ्या बाईचं म्हणणं वाजवणाऱ्यानं ऐकावं लागतं. अडतं ते या तिसऱ्या गोष्टीपाशी.

हे मिरजेच्या इतक्या जवळ घडतं, याचं मला फार वाटतं. सितार आणि तंबोऱ्यासाठी मिरज देशभर ओळखली जाते. 2024 साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा तंबोरा वेगळा करतात आणि बायकांचा वेगळा. बायकांचा आकारानं लहान, वरच्या सुरात जुळणारा. बाईचा सूर निराळा असतो आणि वाद्यानं त्याच्यापाशी जायचं असतं, हे तिथल्या लाकूडकाम करणाऱ्याला माहीत आहे. तिथून तासाभराच्या रस्त्यावर कीबोर्डला तर एका बटणात पट्टी बदलते. तरी बटण दाबायचं की नाही, हा निर्णय बाईचा नसतो.

हल्ली आणखी एक भर पडली आहे. तरुण मुलं यूट्यूबवरून हिंदी आणि मराठी आराधना-गीतं उचलतात. ध्वनिमुद्रणात गायक पुरुष असेल तर त्याचीच पट्टी, त्याचीच लय, त्याच जागी तसाच आलाप. ऑक्टोपॅड आला की ठेका वाढतो. जुनी गीतं पेटीवर बसून म्हणणाऱ्या बाईला तो वेग गाठता येत नाही असं ठरवलं जातं. प्रत्यक्षात तिला ती चाल तिच्या पट्टीत एकदाही वाजवून दाखवलेली नसते.

1905

या परिसराच्या इतिहासात एक साल मला वारंवार भेटत राहिलं.

1903 च्या नोव्हेंबरमध्ये रोममध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताबद्दल फर्मान काढलं. उपासनेतला गायकवृंद हे धार्मिक पद आहे, म्हणून बायकांना त्यात जागा नाही आणि उंच आवाज हवे असतील तर मुलगे घ्यावेत, असा त्याचा आशय. दोन वर्षांनी, 1905 मध्ये, मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या रंगभूमीवर सतरा वर्षांचा नारायण राजहंस शकुंतला होऊन गायला. तेच बालगंधर्व. बाईचा आवाज हवा, पण बाई नको, ही समजूत रोममध्ये होती तशी महाराष्ट्रातही होती. त्याच वर्षी मे महिन्यात मिरजेत अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या घरी हिराबाई जन्मल्या. पुढं हिराबाई बडोदेकर म्हणून त्यांनी घरंदाज बाईनं जाहीर मैफलीत बसून गाण्याची वाट रुळवली.

आणि 1905 मध्येच पुण्याच्या पूर्वेला केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो मुली आणि विधवा मोठ्या आवाजात एकत्र प्रार्थना करू लागल्या. ख्रिस्ती इतिहासात हे मुक्तीचं संजीवन म्हणून नोंदलं गेलं आहे. तिथं पुढं उभं राहणाऱ्या बायकाच होत्या, कारण वस्तीच बायकांची होती. प्रार्थना करणाऱ्या मुलींचे गट बाहेरगावी पाठवले गेले. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती 1907 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि 1909 साली तिथं जी पेंटेकॉस्टल चळवळ उठली, तिच्या मुळांत केडगावची ती पुस्तिका आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींचा आवाज चिलीतल्या वाल्पाराइसोपर्यंत गेला.

रमाबाई तिथवर कशा आल्या, हेही विसरता येत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. कुटुंब देवळादेवळांतून पुराणं वाचत फिरत असे आणि तरुण रमा लोकांपुढं बसून पुराण सांगत असे. लोकांसमोर पवित्र शब्द उच्चारण्याची सवय त्यांना ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून होती. ज्या बाईला ही सवय लहानपणी लागत नाही, तिला चाळिशीत माइक हातात दिला तर तो थरथरतो. मग लोक म्हणतात, बाईमाणसाला जमत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये ते जुनं बंधन पुढं सैल होत गेलं. 1955 मध्ये वेदीच्या कठड्याबाहेर बायकांनी गायला मुभा मिळाली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली आणि वसईच्या मराठी चर्चमध्ये आज बायकांच्या आवाजाशिवाय मिस्सा ऐकू येत नाही. सांगलीकडचा ख्रिस्ती समाज मुख्यतः प्रोटेस्टंट. इथं असं फर्मान कधी नव्हतं. ज्या बंधनाचा कागदच नाही, ते रद्द तरी कुणी करायचं?

पुस्तक हातात आलं तेव्हा

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली या भागात काम उभं केलं. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल 1894 चं. शाळा, नर्सिंगचं शिक्षण, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया, या सगळ्यांतून बायकांच्या हाती अक्षर आलं आणि अक्षराबरोबर गीतांचं पुस्तक आलं. ज्या घरांत ओवी तोंडपाठ होती पण कागद नव्हता, तिथं हा बदल मोठा होता. इथली बरीच ख्रिस्ती कुटुंबं मूळची महार आणि मातंग समाजांतली. मातंग घरांत हलगी होती, सनई होती, गावाच्या प्रत्येक मिरवणुकीचं संगीत त्यांच्याकडं होतं. वाजवणारे मात्र पुरुषच. ख्रिस्ती झाल्यावर बाईच्या हाती पुस्तक आलं, वाद्य नाही आलं. तो फरक अजून मिटलेला नाही.

गीतांचंही तसंच. सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेले असायचे आणि जीभ अडखळायची. अहमदनगरला कृ. र. सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजनाच्या चालींत इतकं लिहिलं की ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक त्यांच्यावाचून कल्पनेतही येत नाही. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा ही भजनं आपल्याच मातीत नांदू लागली होती. टिळकांच्या पश्चात अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या बाईनं. आपण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल भरभरून बोलतो, पण एका बाईनं ख्रिस्तचरित्राच्या ओव्या रचून ग्रंथ तडीस नेला, ही गोष्ट मंडळीच्या व्यासपीठावरून मला ऐकू आली नाही. जिथं आराधना चालवणाऱ्या मुलींना आपण पहिल्याच आहोत असं वाटतं, तिथं ती सांगायलाच हवी.

यादी

रविवारची गीतं कोण निवडतं? ज्या मंडळ्या मी पाहिल्या तिथं साधारण रीत अशी: पाळकसाहेब उपदेशाचा विषय ठरवतात आणि त्याला धरून दोन-तीन गीतं सांगतात. बाकीची जागा आराधना चालवणाऱ्याची. चालवणारा पुरुष असला तर तो शुक्रवारी व्हॉट्सअॅपवर यादी टाकतो आणि विषय संपतो. बाई असली तर यादी आधी पाळकांना दाखवली जाते, मग मंडळीचा कुणी पंच एखादं गीत बदलतो, मग कीबोर्डवाला सांगतो की हे बसवलेलं नाही. तिच्या हाती राहतं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं गाणं पहिल्यांदा म्हणण्याचं काम. दोन कडव्यांच्या मध्ये ती चार शब्द प्रार्थनेचे बोलली तर उपासनेनंतर हळूच सुचवलं जातं की ताई, तुम्ही फक्त गा.

या ‘फक्त’मागं शास्त्राचा आधार दिला जातो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल स्त्रियांनी सभेत गप्प राहावं असं लिहितो. मिरजेत एका निवृत्त पाळकांशी मी यावर बोलत बसले. त्यांनी बायबल उघडून अकरावा अध्याय पुढं केला. तिथं तोच पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक झाकावं म्हणतो. म्हणजे त्या बोलत होत्या हे त्यानं गृहीतच धरलं आहे. समुद्र ओलांडल्यावर डफ हाती घेऊन बायकांना पुढं नेणारी मिर्याम, लढाईनंतर गाणारी दबोरा, अलीशिबेच्या घरी गाणारी मरिया, ही नावं त्यांनी एकामागून एक घेतली. शास्त्रातली ही गाणी बायकांनी म्हटली, आणि आपल्या बायकांना मात्र विचारावं लागतं की म्हणू का, हे बोलताना त्यांच्या आवाजात सात्त्विक संताप होता.

पदांचं म्हणाल तर दार कधीच उघडलं आहे. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेतल्या चर्च ऑफ साउथ इंडियात 2013 साली पुष्पा ललिता नंद्याळच्या बिशप झाल्या. जगभर गायल्या जाणाऱ्या आधुनिक आराधना-गीतांत ऑस्ट्रेलियाच्या डार्लिन झेक या बाईंचं 1993 चं गीत आघाडीवर आहे आणि आपल्या इथल्या तरुण मंडळ्यांतही ते पोचलं आहे. पण बिशपपद दूर आहे आणि कीबोर्ड जवळ. वस्तीवरच्या खोलीत निर्णय कीबोर्डपाशी होतात.

पदर, पाय आणि शेवटची एसटी

पेटी वाजवताना डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. डोक्यावरचा पदर घसरला की सावरायला हात नाही. मंडळीत डोकं झाकण्याची रीत आहे, म्हणून बाई पदराला पिना लावते, आणि तरी तो घसरला की मागच्या ओळीतल्या नजरा गीतावरून पदरावर जातात. एका तरुण मुलीनं ओढणी कानामागून घेऊन क्लिपा लावायची युक्ती काढली होती. ते फॅशनचं आहे म्हणून तिला टोकलं गेलं. तल्लीन होऊन डोळे मिटले तर दिखावा, डोळे उघडे ठेवून मंडळीकडं पाहिलं तर धीटपणा. तबल्यावरचा मुलगा घामाघूम होऊन वाजवतो तेव्हा त्याला आत्म्यानं भरलेला म्हणतात.

वेळ हा दुसरा विषय. हा द्राक्षाचा आणि बेदाण्याचा मुलूख. ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट काढणं, मग डिपिंग, विरळणी. फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड. मजुरीचं काम रविवार ओळखत नाही. आराधना चालवणाऱ्या ज्या बायकांना मी भेटले त्यांतल्या बहुतेक या कामावर जातात. दिवसभर मांडवाखाली मान वर करून हात चालवल्यावर संध्याकाळी गळ्याला आणि मानेला जे होतं त्याचा विचार सरावाची वेळ ठरवताना कुणी करत नाही. सराव रात्री आठनंतर, कारण पुरुष तेव्हा मोकळे होतात. बाई तेव्हा भाकरी थापत असते. आठवड्याची कॉटेज प्रेयर, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होणारी प्रार्थना, तीही रात्रीच. दुसऱ्या गावी असली तर परतीची एसटी नाही, आणि मोटारसायकलवर कुणाच्या मागं बसून यायचं हा प्रश्न. नवरा सोबत येणारा असेल तर सुटतो. विधवेचा सुटत नाही. चांगला आवाज असलेली, शंभराहून जास्त गीतं पाठ असलेली एक विधवा बाई केवळ यासाठी गावाबाहेरच्या सभांना जात नाही.

पैशाबद्दल बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटतो, म्हणून मी लिहिते. मोठ्या सभेला बाहेरून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाले बोलावले तर त्यांना मानधन असतं. तबलजीला निदान पेट्रोलचे पैसे मिळतात. गाणाऱ्या बाईची सेवा असते. सेवा हा शब्द मला प्रिय आहे, पण तो एकाच बाजूनं वापरला जातो तेव्हा त्यात अन्याय आहे. त्या दिवशीची मजुरी तिनं बुडवलेली असते.

तरी या बायका गाणं सोडत नाहीत. कॉटेज प्रेयर आणि महिला मंडळाची सभा इथं त्यांचं खरं राज्य आहे. एका घराच्या पडवीत मी ते पाहिलं: कीबोर्ड नाही, माइक नाही, एक खंजिरी आणि दोन जोड्या टाळ. एका काकींनी मनात येईल ते गीत धरलं, स्वतःच्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं. पुरुष दोघे-तिघे होते, ते खालच्या सप्तकात आपसूक जुळले. कुणाची तक्रार आली नाही. कडव्याच्या मध्ये काकी थांबल्या, आजारी शेजारणीचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि तिथूनच पुढचं गीत उचललं. आराधना चालवणं म्हणतात ते हेच. माणसांची नाडी ओळखून पुढचं गीत काढणं. रविवारच्या यादीत याला जागा ठेवलेली नसते.

लेक सासरी गेली की

संडे स्कूलमध्ये ज्या मुलींचे गळे चांगले असतात त्यांना लहानपणापासून पुढं केलं जातं. नाताळात त्या पहिल्या रांगेत. सोळा-सतराव्या वर्षी त्या आराधना चालवू लागतात आणि मंडळीला त्यांचा अभिमान असतो. मग लग्न होतं. नवरा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या मंडळीचा. तिथं आधीच कुणाची तरी लेक किंवा सून गाते. नव्या सुनेनं पहिल्याच वर्षी पुढं जाऊन माइक घेतला तर घरचे वरमतात. दोन वर्षांनी मूल होतं. दहा वर्षांनी ती पुन्हा गाऊ लागते तेव्हा आवाजाची सवय गेलेली असते. दोन्ही मंडळ्यांचं नुकसान होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मुलगी सासरी जाणारच असते. मुलग्याला मात्र बाराव्या वर्षी कीबोर्डपाशी बसवतात. तो गावातच राहतो आणि वाद्य त्याच्या हातात राहतं. पट्टी कोण ठरवतो, याचं उत्तर इथं आहे.

म्हणून ज्या मोजक्या ठिकाणी मुलींना पेटी, कीबोर्ड, तबला शिकवायला सुरुवात झाली आहे तिथं मला सर्वांत जास्त आशा दिसली. वाजवता येणाऱ्या मुलीला सासरी गीत धरायला कुणी बोलावलं नाही तरी साथीला बोलावतात आणि एकदा पेटीपाशी बसली की पट्टी तिच्या बोटांत असते. वस्तीवरच्या त्या मंडळीतही आराधना चालवणाऱ्या बाईनं आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला कीबोर्ड शिकायला घातलं आहे. शिकवणीची फी ती बेदाण्याच्या शेडमधल्या मजुरीतून भरते. मुलीला अजून पट्टी बदलून सगळी गीतं येत नाहीत, पण नाताळच्या कॅरोलसाठी लागणारी सात-आठ गीतं तिनं आईच्या सुरात बसवली आहेत. सराव नोव्हेंबरात सुरू होईल, ऐन विरळणीच्या दिवसांत. तो संध्याकाळी सहाला ठेवावा, आणि या वेळी कीबोर्डवर मुलीला बसू द्यावं, असं आईनं पंचांना सांगितलं आहे. पंचांची बैठक दिवाळीनंतर आहे.